पाण्याचा नळ कोण सोडणार?

 

परवा गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला आणि एक बाई हळूच म्हणाली, "नात शाळेतनं आली की गप्प गप्प असते. विचारलं तर काही सांगत नाही. आता शाळेत जाऊन कुणाला विचारायचं, गुरुजींना, बाईंना की शिपायाला?" त्या प्रश्नावर सगळ्याजणी गप्प झाल्या. म्हणून आज मी जुना इतिहास सांगणार आहे, पण तो या प्रश्नाच्या उत्तरासाठी.

सुरुवात एका तहानलेल्या मुलापासून करू. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. लहानपणी शाळेत त्यांना बसायला घरून गोणपाट न्यावं लागे आणि जागा मिळे ती कोपऱ्यात, वेगळी. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायानं नळ सोडला तरच पाणी मिळायचं. शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच मारायची. म्हणजे बघा, शाळेत वर्ग होता, फळा होता, मास्तरही होते. तरी मुलाचा जीव अडकला होता शिपायाच्या हातात. मूल शाळेत कसं राहतं, हे एकट्या धड्यावर ठरत नाही, तिथल्या प्रत्येक माणसाच्या वागण्यावर ठरतं.

ही गोष्ट ओळखणारा राजा आपल्याच मातीतला. राजर्षी शाहू महाराज जन्मले कागलच्या घाटगे घराण्यात, १८७४ साली. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि १८९४ मध्ये राज्यकारभार त्यांच्या हाती आला. खेड्यातलं पोरगं शिकायला कोल्हापुरात आलं तर राहणार कुठं, जेवणार काय, हा पहिला प्रश्न त्यांना दिसला. म्हणून १९०१ पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. डोक्यावर छप्पर आणि पोटात अन्न असलं तरच अक्षर डोक्यात शिरतं, एवढा साधा विचार त्यामागं होता.

मुलींच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी होती. शिकवायला बाई असल्याशिवाय आईबाप मुलीला शाळेत पाठवायला धजत नव्हते. म्हणून शिक्षिका तयार करणारं ट्रेनिंग स्कूल कोल्हापुरात चालायचं. त्याची जबाबदारी रखमाबाई केळवकर यांनी सांभाळली. त्या काळात एका मराठी बाईच्या हाताखाली शिक्षिका घडत होत्या! त्यांची लेक कृष्णाबाई पुढं डॉक्टर झाली.

१९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. पण मूल शाळेत आणलं म्हणजे काम संपलं का? आत गेल्यावर त्याला कोपऱ्यात बसवलं, हिडीसफिडीस केलं तर? यावर महाराजांनी जानेवारी १९१९ मध्ये हुकूम काढला. अस्पृश्य मानलेल्या मुलांना शाळेत मायेनं आणि बरोबरीनं वागवायचं. ज्या नोकराला हे जमणार नाही त्यानं सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही. त्याच वर्षी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलं एकत्र बसवायचं ठरलं. पुढच्या वर्षी, मार्च १९२० मध्ये, कागल जहागिरीतल्या माणगावला परिषद भरली. नळापाशी ताटकळलेलं ते पोर आता बाबासाहेब म्हणून महाराजांसोबत एका मंचावर होतं.

त्या हुकमाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मुलाशी नीट वागणं ही मास्तरांची मेहरबानी नव्हे, तो त्यांच्या नोकरीचा भाग आहे, असं आपल्या संस्थानानं शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलं.

पण नुसत्या हुकमानं हात शिकत नाहीत. २००४ साली तमिळनाडूत कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकाच्या जागेतली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. पुढं २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, शाळेत आग विझवायची साधनं हवीत आणि ती वापरायचं प्रशिक्षण शिक्षकांना व कर्मचाऱ्यांना द्यायला हवं. पोषण आहार शिजवणाऱ्या कित्येकजणी आपल्याच गटातल्या. तेव्हा ते प्रशिक्षण त्यांच्याही हक्काचं आहे.

त्याच २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलांना मारणं आणि मनाला लागेल असा छळ करणं, दोन्ही बंद केलं. २०१२ साली पोक्सो कायदा आला. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही जो पोलिसांना कळवत नाही, तोही गुन्हेगार ठरतो, मग तो मुख्याध्यापक का असेना. मार्च २०२२ मध्ये राज्य सरकारनं शाळाशाळांत सखी सावित्री समिती नेमायला सांगितलं. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि अख्खा महाराष्ट्र हादरला. कागदावरची समिती मुलीचं ऐकत नाही. ऐकतं ते माणूस, आणि मुलीचं कसं ऐकायचं हे त्या माणसाला कुणीतरी शिकवावं लागतं. मुलगी सांगायला लागली की तिला दटावायचं नाही, चारचौघांत पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचं नाही, "घरी बोलू नकोस" असं तर कधीच म्हणायचं नाही. शांतपणे ऐकायचं, तिच्यावर विश्वास ठेवायचा आणि लगेच पुढं कळवायचं. बाईंना, शिपायाला, स्वयंपाकीण मावशीला आणि गाडीवाल्या मामांना, सगळ्यांना हे यायला हवं.

मैत्रिणींनो, सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. ती खुर्ची रिकामी ठेवू नका. पुढच्या बैठकीला जा आणि विचारा: सखी सावित्री समितीत कोण कोण आहे? ती शेवटची कधी बसली? मुलांच्या सुरक्षेचं प्रशिक्षण कुणाकुणाला मिळालं, त्यात शिपाई आणि स्वयंपाकीण होत्या का? उत्तर नोंदवहीत लिहून घ्या. आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा फुकटचा फोन नंबर घरातल्या लेकरांकडून पाठ करून घ्या.

त्या गप्प नातीच्या आजीला आम्ही एवढंच सांगितलं, "उद्या आम्ही दोघी तुझ्याबरोबर शाळेत येतो." एकटीनं जाऊन विचारणं अवघड वाटतं. गट त्यासाठीच तर असतो.