लग्नाचे फोटो कोणाचे?

१८९२ साली राजा दीनदयाळ यांनी हैदराबादेत खास बायकांसाठी फोटो स्टुडिओ काढला. पडद्यात राहणाऱ्या बायकांचे फोटो तिथे बाईच काढायची. आपला फोटो कोण काढतं, कोण पाहतं, ही काळजी तेव्हाही होतीच.

पुढे १९५७ चा कॉपीराइट कायदा आला. वेगळा करार नसेल, तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंवर हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. पण न वाचता सही केली, तर तोच हक्क हातचा जातो.

म्हणून फोटोग्राफर ठरवताना दर, फोटो किती, अल्बम कधी, हे कागदावर घ्या. ‘विचारल्याशिवाय नवरीचा फोटो जाहिरातीत वापरायचा नाही’ हेही लिहून घ्या. विसार दिला की पावती मागा.