पावसात अळीचा क्लोजअप फोटो कसा काढायचा? राधानगरी-आंबोलीला जाण्याआधी हे वाचा

जुलै उजाडला की कोल्हापूरकरांच्या स्टोरीवर राधानगरी, गगनबावडा आणि आंबोलीचं धुकं दिसायला लागतं. त्याच धुक्यात कोवळ्या पालवीवर अळ्या पोट भरत असतात. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणजे ब्लू मॉरमॉन, मराठीत राणी पाकोळी. २०१५ मध्ये त्याला हा मान मिळाला. त्याची अळी लिंबाच्या जातीतल्या झाडांवर वाढते. लहान असताना ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. त्यामुळे समोर असूनही ती पटकन दिसत नाही.

दिसली तरी फोटो अस्पष्ट का येतो?

कारण कॅमेरा जितका जवळ, तितका स्पष्ट दिसणारा भाग कमी. अळी सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटेल इतक्या जवळ मॅक्रो लेन्स नेली, तर एफ-८ ला जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा भाग फोकसमध्ये राहतो. डोकं स्पष्ट, पाठ धूसर! एफ-१६ च्या पुढे गेलात तर सगळाच फोटो थोडा मऊ पडतो. सोपा उपाय म्हणजे अळी बाजूने टिपा आणि कॅमेरा तिच्या अंगाला समांतर धरा. मोबाईलच्या मॅक्रो मोडलाही हेच लागू.

दुसरा शत्रू वारा. घाटात पान एक क्षण स्थिर राहत नाही. जमिनीत काठी रोवून कपड्यांच्या चिमट्याने फांदी हलकेच तिला अडकवा. फ्लॅशचा झोत इतका क्षणिक असतो की हलणारं पानही गोठतं, मात्र पुढे पांढरा कागद किंवा पातळ कापड लावा, नाहीतर ओल्या अंगावर पांढरे डाग चमकतात. एसी गाडीतून थेट बाहेर काढलेल्या लेन्सवर वाफ धरते, म्हणून उतरण्याच्या बऱ्याच आधी एसी बंद करा. आणि हो, छत्री धरायला एक मित्र न्या. महागड्या रेनकव्हरपेक्षा तो जास्त कामाचा.

अळी अजिबात हलत नसेल तर?

फोटोसाठी ही पर्वणी वाटते, पण सगळ्यात जास्त काळजी इथेच घ्यायची. कात टाकण्याआधी अळी पानावर रेशमाचे धागे विणते, त्यात पाय रोवते आणि तासन्‌तास गप्प बसते. त्या आधारावरच तिला जुन्या कातडीतून बाहेर पडता येतं. 'चांगल्या बॅकग्राउंडवर ठेवू' म्हणून अशी अळी ओढून काढली तर ती कातीत अडकून मरू शकते. फांदी तोडून घरी आणण्याचंही तेच. अनेक अळ्या ठरावीक झाडाचाच पाला खातात, त्यामुळे कुंडीतलं दुसरं पान त्यांच्या उपयोगाचं नसतं. राधानगरी अभयारण्यात तर वन्यजीव किंवा झाडाला हात लावणं कायद्यानेही चालत नाही.

कढीपत्त्यावरच्या अळीला डिवचलं की डोक्यामागून लालसर, दुतोंडी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. रील भारी होते, मान्य. पण ते घाबरल्याचं लक्षण आहे. दिसलं की मागे व्हा.

केसाळ सुरवंट आणि काटेरी, चपट्या हिरव्या अळ्यांना स्पर्श नकोच. केस टोचले तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा, साबणाने धुवा. डोळ्यात गेले किंवा सूज वाढली तर डॉक्टर गाठा.

ओळख पटवायची असेल तर एक फोटो पुरत नाही. एक वरून, एक बाजूने पाय दिसतील असा आणि एक झाडाच्या पानांचा घ्या. पायांचा फोटो का? फुलपाखरं आणि पतंगांच्या अळ्यांना पोटाखाली मांसल पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात. सहा किंवा जास्त मोजल्या तर ती सॉफ्लाय नावाच्या, गांधीलमाशीच्या नात्यातल्या कीटकाची अळी असण्याची शक्यता जास्त. हे फोटो तारीख आणि झाडाच्या नावासह आयनॅचरलिस्टवर टाका. इन्स्टाग्राम नंतरही आहेच.