सभेचा हक्क आणि परभणी

निजामाच्या हैदराबाद संस्थानात परभणी जिल्ह्यातील रयतेला सभा भरवण्याचा हक्क नव्हता. मिळालीच तर परवानगी मिळे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात निघालेल्या गश्ती क्रमांक 53 या सरकारी परिपत्रकान्वये अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीवाचून जाहीर सभा घेता येत नसे, आणि म्हणूनच संस्थानी प्रजेच्या राजकीय परिषदेला आपली अधिवेशने काकिनाडा (1923), अकोला (1931) अशा ब्रिटिश मुलखातील गावी भरवावी लागली. या पार्श्वभूमीवर 1937 साली गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन संस्थानाच्या हद्दीतच, तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या परतूरला भरले, याचे मोल फार मोठे आहे. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस या राजकीय संघटनेवर ती स्थापन होण्याआधीच बंदी आली आणि 24 ऑक्टोबर 1938 रोजी नानल यांच्याच नेतृत्वाखाली पहिली तुकडी त्या बंदीविरुद्धच्या सत्याग्रहात उतरली.

याच सुमारास अमेरिकेतील जर्सी सिटीत, महापौर फ्रँक हेग यांच्या कारकिर्दीत, कामगार संघटनांना सभेची परवानगी नाकारली जात होती. सभेने दंगल होईल असे सुरक्षा संचालकाला वाटले, एवढे कारण तेथील नगरनियमाला पुरत असे. तो नियम 1939 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. वृत्तीने दोन्ही नियम सारखेच होते, परंतु जर्सी सिटीच्या कामगाराला राज्यघटनेच्या आधारे न्यायालयात दाद मागता आली आणि परतूरच्या कार्यकर्त्यापुढे तुरुंगाचीच वाट उरली.

भारतीय संविधानाच्या 19व्या कलमाने शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला, त्यावर वाजवी निर्बंधांची मुभाही ठेवली. अहमदाबादेतील विद्यार्थी सभेला 1969 मध्ये परवानगी नाकारली गेली, तेव्हा हिंमतलाल शहा खटल्यात (1972) सर्वोच्च न्यायालयाने, कोणतेही निकष न घालता पोलिसांना मोकळा अधिकार देणारा नियम रद्द केला, न्या. मॅथ्यू यांनी तेथे जर्सी सिटीच्या त्या हेग खटल्याचाही विचार केला.

डिसेंबर 2024 मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यानंतर उसळलेल्या हिंसाचारात जमावबंदी लागू झाली. अशी बंदी कधी आवश्यकही असते. मात्र अनुराधा भसीन खटल्यात (2020) सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश सकारण व प्रसिद्ध झाले पाहिजेत असे ठरवले आहे, आणि प्रत्येक जमावबंदीच्या वेळी तो लेखी आदेश व त्यातील कारणे मागून घेणे हे परभणीकरांनी आपले कर्तव्य मानावे.