वीज नव्हे, पाणी साठवावे

दुर्गम उष्ण प्रदेशात शेतीला ऊर्जेची सर्वांत मोठी निकड भासते ती कोरड्या हंगामात, पाणी उपसण्यासाठी. पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशाच्या उत्तरेला कलाले नावाचा भाग आहे. तिथे पावसाळा एकच. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल कोरडे जातात. या काळात भाजीपाला करायचा तर बायका डोक्यावरून पाणी वाहून आणत. जमीन होती, ऊन मुबलक होते, कष्टांना तोटा नव्हता. पाणी वर खेचणारे बळ तेवढे नव्हते.

२००७ मध्ये सोलर इलेक्ट्रिक लाइट फंड या संस्थेने तिथल्या बेसासी आणि दुनकासा गावांत महिलागटांच्या अर्धा-अर्धा हेक्टर मळ्यांना सौरपंप आणि ठिबक जोडून दिले. पॅनेलची वीज थेट पंपाला मिळते, मध्ये बॅटरी नाही. पंप टाकी भरतो आणि टाकीतले पाणी आपल्याच भाराने ठिबकच्या नळ्यांत उतरते.

हे इतक्या थोडक्यात का भागते, याचे गणित मांडून पाहू. १,००० लिटर पाणी एक मीटर उचलायला सुमारे २.७ वॅट-तास ऊर्जा लागते. अर्ध्या हेक्टरला रोज ५ मिलिमीटर पाणी द्यायचे म्हणजे २५,००० लिटर. ते २० मीटरांवरून उचलायला दीड युनिटही लागत नाही. पंप आणि मोटारीची मिळून कार्यक्षमता ४० टक्केच धरली, तरी साडेतीन युनिटांत काम होते. स्वच्छ उन्हात एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देते. शिवाय ऊन कडक असते तेव्हाच पिकाची तहान वाढते आणि पंपही जोरात चालतो; ढग आले की दोन्ही ओसरतात. उरलेला मेळ टाकी घालते. बॅटरी मात्र उष्णतेने लवकर खराब होते आणि आडगावात ती बदलणे खर्चाचे. म्हणून अशा ठिकाणी साठवण पाण्याचीच असावी, असे माझे ठाम मत आहे.

संशोधक जेनिफर बर्नी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या या मळ्यांच्या अभ्यासानुसार प्रत्येक मळ्यातून महिन्याला सरासरी १.९ टन माल निघाला. बायकांनी वजनाने १८ टक्के भाजी घरी ठेवली, बाकीची विकली. ऐन कोरड्या हंगामात ताटात भाजी आली, हे मला विक्रीइतकेच मोलाचे वाटते.

डिझेल पंप विकत घेताना स्वस्त, पण इंधन खराब रस्त्याने, चढ्या भावाने, वर्षानुवर्षे आणावे लागते. सौरपंपाचे उलट आहे: जवळपास सगळा खर्च पहिल्याच दिवशी. एकट्या अल्पभूधारकाला तो पेलत नाही. म्हणून गटाची मालकी आणि हप्त्यांची सोय यंत्राइतकीच महत्त्वाची. कोरड्या हंगामात वाहणाऱ्या हरमाटन वाऱ्याची धूळ पॅनेलवरून पुसणे, ठिबकची गाळणी धुणे ही कामेही कुणाच्या तरी नावावर असावी लागतात.

खरा धोका भूजलाचा आहे. एकदा पंप बसला की पुढचा उपसा फुकट, त्यामुळे हात आखडायला कारण उरत नाही. उत्तर बेनिनच्या कठीण खडकात पाणी बेताचे. महाराष्ट्रातल्या बेसाल्टची स्थितीही फार वेगळी नाही. आपल्याकडे कुसुम योजनेतून ३, ५ आणि ७.५ अश्वशक्तीचे सौरपंप दिले जातात. पंपाचा आकार केवळ शेतीच्या क्षेत्रावरून न ठरवता, उन्हाळ्यात विहीर किंवा बोअर दिवसाला किती पाणी देते हे मोजून ठरवायला हवा, पॅनेल त्यानंतर.