जॉन फोल्ड्स आणि आपली पेटी

आपल्यापैकी अनेकांच्या घरी पेटी आहे. नाट्यपदाची साथ, घरचे भजन, मुलांची पहिली सरगम, सारे तिच्यावरच झाले. याच पेटीला १९४० च्या मार्चपासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर मज्जाव होता, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तिच्याविरुद्ध लिहिणाऱ्यांत जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकारही होते. परंतु हा विरोध साहेबी आढ्यतेतून आलेला नव्हता.

त्यांचा जन्म १८८० चा, मँचेस्टरचा. वडील हॅले वाद्यवृंदात वादक. मुलगाही १९०० मध्ये तिथेच चेलो वाजवू लागला. चेलोला पडदे नसतात; बोट किंचित सरकवले की दोन स्वरांमधली जागा सापडते. तरुणपणीच फोल्ड्स यांनी असे पाव स्वर आपल्या रचनांत आणले. उपजीविकेसाठी हलकेफुलके संगीत लिहिले, बर्नार्ड शॉ यांच्या ‘सेंट जोन’ नाटकाला संगीत दिले. महायुद्धातील मृतांसाठी रचलेले ‘अ वर्ल्ड रिक्विएम’ १९२३ मध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये सुमारे बाराशे कलावंतांनी सादर केले. १९२६ नंतर ते बंद पडले आणि ‘केल्टिक लॅमेंट’सारख्या हलक्या रचनांचे कर्ते एवढीच त्यांची ओळख उरली.

पत्नी मॉड मॅकार्थी व्हायोलिनवादक. भारतीय संगीत त्या भारतात येऊन शिकल्या होत्या. १९३५ मध्ये दोघे इकडे आले. दिल्लीच्या नभोवाणी केंद्रात फोल्ड्स पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. पेटीचे स्वर ठरलेले; तिच्यावर मींड निघत नाही, श्रुतीही सापडत नाहीत, हा आक्षेप चेलोवर तयार झालेल्या कानाचा होता.

मात्र एक विसंगती ध्यानात घ्या. त्यांनीच देशी वाद्यांचा वृंद उभारला आणि आपल्या वादकांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून वाजवायला शिकवले. जी मोकळीक पेटी हिरावते म्हणून तक्रार होती, तिला लिहिलेल्या कागदानेही आळा बसतोच.

२५ एप्रिल १९३९ रोजी कोलकात्यात पटकीने त्यांचे निधन झाले. बंदी त्यानंतर दहा महिन्यांनी आली.

पेटी तरीही घरात राहिली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तिच्याकडून काय काय काढून घेतले, हे आपण जाणतो. पण गायकाची मींड ऐकताना पेटीवाला क्षणभर हात आवरतो ना? त्या क्षणापुरते फोल्ड्स यांचे म्हणणे खरे असते.