दहीहंडीच्या क्रीडादर्जाचा प्रश्न

दहीहंडी हा श्रावण वद्य नवमीस, म्हणजे गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, गोपाळकाल्याच्या निमित्ताने महाराष्ट्रात साजरा होणारा उत्सव आहे. उंच टांगलेली दह्याची हंडी मानवी मनोरा रचून फोडणे हे त्याचे मुख्य अंग होय. मुंबई व ठाणे परिसरात गेल्या काही दशकांत या मनोऱ्यांची उंची वाढत गेली, बक्षिसांच्या रकमा लाखांत गेल्या आणि वर्षातून एकदा येणाऱ्या सणासाठी महिनोन्महिने सराव करणारी पथके तयार झाली. त्यामुळे दहीहंडीला उत्सव म्हणावे की खेळ, हा प्रश्न निर्माण झाला. राज्य शासनाने २०१५ मध्ये तिला साहसी क्रीडाप्रकार म्हणून जाहीर केले. १८ ऑगस्ट २०२२ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत गोविंदांना खेळाडूंसाठीच्या आरक्षणाचा लाभ देण्याची घोषणा केली आणि हा प्रश्न शासकीय नोकरीशी जोडला गेला.

उत्सवाचे मूळ स्वरूप

गोपाळकाला ही कृष्णाच्या बाललीलांशी जोडलेली भक्तिपरंपरा आहे. वारकरी संप्रदायात हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. कीर्तनाच्या शेवटी हंडी फोडून पोहे, लाह्या, दही यांचा काला प्रसाद म्हणून वाटला जातो. वाशीमसह विदर्भातील अनेक जिल्ह्यांच्या खेड्यांत दहीहंडी म्हटले की आजही प्रथम हेच रूप डोळ्यांपुढे येते. तेथे हंडी फार उंच नसते, थरांची मोजदाद कोणी करीत नाही आणि जिंकण्या-हरण्याचा प्रश्नही नसतो. क्रीडादर्जाची सारी चर्चा ज्या दहीहंडीभोवती फिरते ती कोकणपट्टीतून मुंबई-ठाण्यात वाढलेली, चौकातील व मैदानातील दहीहंडी आहे. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दोन गोष्टींची अनेकदा गल्लत होते.

मनोऱ्याची रचना

मनोऱ्याच्या प्रत्येक पातळीस थर म्हणतात. तळाच्या थरात अंगापिंडाने मजबूत गोविंदा एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून वर्तुळात उभे राहतात आणि त्यांच्याभोवती बाकीचे गोविंदा दाटीने आधार देतात. वर जावे तशी माणसांची संख्या व वजन कमी होत जाते. सर्वांत वर चढणाऱ्यास एक्का म्हणतात. तो हलका व चपळ असावा लागतो आणि लहान मुलांना वर चढविण्याच्या प्रथेचे मूळ येथेच आहे. हंडी न फोडता केवळ ठरलेले थर लावून दाखविण्यास सलामी देणे म्हणतात. एक पथक दिवसभर ट्रक व दुचाकींवरून गावभर फिरते, ठिकठिकाणी सलामी देते आणि त्या त्या मंडळाचे बक्षीस घेते. मुंबई-ठाण्यात महिलांचीही स्वतंत्र पथके आहेत.

थर लावण्याइतकेच ते उतरविणेही कठीण असते. वरचा गोविंदा खाली येताना भार एका बाजूस झुकला तर तळाच्या एकाही माणसास हलण्याची मुभा नसते. खांद्यांची ताकद, तोल, श्वासावरील ताबा आणि परस्परांवरील विश्वास यांच्याशिवाय सात-आठ थर उभे राहत नाहीत. शारीरिक कौशल्याच्या कसोटीवर दहीहंडीला खेळ नाकारता येणार नाही, हे तिचे टीकाकारही सहसा मान्य करतात. वादाचे मुद्दे वेगळे आहेत.

जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थरांचा ४३.७९ फूट उंचीचा मनोरा रचला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. त्यापूर्वीचा ३९.२७ फुटांचा विक्रम १९८१ पासून स्पेनकडे होता. ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातच कोकण नगर गोविंदा पथकाने दहा थर लावले.

न्यायालयीन प्रवास

उंची वाढली तसे अपघातही वाढले. या संदर्भातील जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०१४ रोजी निर्णय देऊन १८ वर्षांखालील मुलांच्या सहभागास मनाई केली आणि मनोऱ्याची उंची २० फुटांपर्यंत मर्यादित केली. २० फूट म्हणजे साधारण चार थर. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षापुरती या निर्बंधांत सवलत दिली. ऑगस्ट २०१६ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने १८ वर्षे व २० फूट या दोन्ही अटी लागू असल्याचे स्पष्ट केले. त्या वर्षी काही आयोजकांनी उघड कायदेभंगाची भाषा केली, तर दादरमध्ये गोविंदांनी शिडीवर चढून हंडी फोडत आपला निषेध नोंदविला.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत पाठविले. ७ ऑगस्ट २०१७ रोजी उच्च न्यायालयाने उंचीवर मर्यादा घालण्यास नकार दिला. तो विषय न्यायालयाचा नसून विधिमंडळाचा आहे, अशी भूमिका त्यामागे होती. १४ वर्षांखालील मुलांना मनोऱ्यात सहभागी होऊ दिले जाणार नाही, अशी हमी राज्य शासनाने दिली व न्यायालयाने ती स्वीकारली. उंचीला मर्यादा नाही पण वयाला आहे, अशी आजची स्थिती या निर्णयातून आली.

साहसी क्रीडाप्रकार म्हणून केलेली घोषणा याच न्यायालयीन काळातील आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. क्रीडादर्जाची मागणी पदकांसाठी नव्हे, तर बंदीतून वाट काढण्यासाठी प्रथम पुढे आली. साहसी क्रीडा म्हटले की धोका गृहीत धरला जातो आणि चर्चा मनाईकडून सुरक्षेच्या उपायांकडे वळते. गिर्यारोहणावर कोणी उंचीची मर्यादा घालीत नाही, हा युक्तिवाद त्या वेळी वारंवार केला गेला. परंतु गिर्यारोहक दोराने बांधलेला असतो आणि त्याच्या खांद्यावर दुसरा गिर्यारोहक उभा नसतो.

२०२२ ची घोषणा व त्यावरील वाद

महाराष्ट्रात शासकीय व निमशासकीय सेवांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. २०२२ च्या घोषणेनुसार गोविंदांनाही या आरक्षणाचा लाभ मिळणार होता. याखेरीज मनोऱ्यावरून पडून मृत्यू झाल्यास वारसांना १० लाख रुपये, दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गमावल्यास साडेसात लाख रुपये आणि एक अवयव गमावल्यास ५ लाख रुपये साहाय्य जाहीर झाले.

साहाय्याच्या तरतुदीवर फारसा कोणी आक्षेप घेतला नाही. आरक्षणावर मात्र स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. तत्कालीन विरोधी पक्षनेते अजित पवार यांनीही घोषणेवर टीका केली. विद्यार्थ्यांचा आक्षेप समजण्यासाठी खेळाडू आरक्षणाची पद्धत पाहावी लागते. मान्यताप्राप्त संघटनेने घेतलेल्या अधिकृत स्पर्धेत मिळविलेले स्थान, त्याचे प्रमाणपत्र आणि क्रीडा खात्याच्या विभागीय कार्यालयाकडून त्या प्रमाणपत्राची पडताळणी, अशी ती साखळी आहे. वाशीमच्या खेळाडूस ही पडताळणी अमरावती विभागातून करून घ्यावी लागते. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढून आलेल्या खो-खोपटूचे प्रमाणपत्रही तेथे तपासले जाते. चौकातील सलामीस असे प्रमाणपत्र कोण देणार, दीडशे जणांच्या पथकात खेळाडू म्हणून कोणाची गणना होणार, आणि जेथे उंच थरांची दहीहंडी होतच नाही त्या जिल्ह्यांतील तरुणांनी काय करावे, हे प्रश्न त्यातून उभे राहिले. विदर्भ व मराठवाड्यातील उमेदवारांच्या दृष्टीने शेवटचा प्रश्न सर्वांत टोकदार होता. संपूर्ण राज्यासाठी असलेली सवलत व्यवहारात दोन-तीन महानगरांपुरती राहण्याची शक्यता त्यात होती.

खेळाची कसोटी: अन्यत्र झालेले निर्णय

मानवी मनोरे रचणाऱ्या कलेस खेळ म्हणावे का, हा प्रश्न महाराष्ट्रापुरता नाही. अमेरिकेतील चिअरलीडिंगबाबत तो अधिक काळ चर्चिला गेला आहे. १८९८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात प्रेक्षकांकडून घोषणा वदवून घेण्यापासून सुरू झालेल्या या प्रकारात पुढे कोलांट्या, झेप व मनोरे आले. भारतीय प्रेक्षकांस तो २००८ पासून आयपीएलच्या सामन्यांतील नृत्यामुळे माहीत आहे. स्पर्धात्मक चिअरलीडिंग ही त्याहून पुष्कळ वेगळी व कष्टाची गोष्ट आहे. क्विनिपियाक विद्यापीठाने महिलांचा व्हॉलीबॉल संघ बंद करून त्याजागी चिअरलीडिंगचा संघ मोजण्याचा प्रयत्न केला, तेव्हा २०१० मध्ये संघीय न्यायालयाने तो अमान्य केला. चिअरलीडिंगमध्ये कस लागत नाही असे न्यायालयाने म्हटले नाही. एकसमान नियम, निश्चित हंगाम आणि संघटित स्पर्धा यांचा पुरेसा विकास झालेला नाही, हे कारण दिले. अपिलातही २०१२ मध्ये तोच निर्णय कायम राहिला. यानंतर नियम व संघटना बळकट होत गेल्या आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने आंतरराष्ट्रीय चिअर संघटनेस २०१६ मध्ये तात्पुरती व जुलै २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली. मान्यता मिळणे म्हणजे ऑलिम्पिकमध्ये समावेश होणे नव्हे.

स्पेनमधील कॅटालोनियाने उलट मार्ग धरला. तेथील कास्टेल नावाचे मानवी मनोरे दहीहंडीचे सर्वांत जवळचे नातलग आहेत. तारागोना येथे दर दोन वर्षांनी त्यांची मोठी स्पर्धा भरते. मनोरा नुसता रचला की सुखरूप उतरविला, यावर गुण ठरतात. इतकी काटेकोर गुणपद्धती असूनही ते लोक त्यास प्रामुख्याने संस्कृतीच मानतात आणि युनेस्कोने २०१० मध्ये त्याचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केला. २००६ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलीचा मनोऱ्यावरून पडून मृत्यू झाल्यानंतर वर चढणाऱ्या मुलांसाठी शिरस्त्राणे रूढ झाली. क्रीडादर्जा न मागताही सुरक्षा आणता येते, याचे हे उदाहरण आहे.

महाराष्ट्रातही देशी खेळांना मान्यता मिळण्यापूर्वी नियम लिहिले गेले. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास बांधले. पेशवाईत बाळंभट देवधर यांनी घडविलेल्या मल्लखांबाची राष्ट्रीय संघटना १९८१ मध्ये स्थापन झाली आणि खेलो इंडिया स्पर्धांत त्याचा प्रवेश २०२२ मध्ये झाला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके दाखविली होती. कबड्डी आशियाई क्रीडा स्पर्धांत पदकाचा खेळ झाली ती १९९० मध्ये. या तुलनेत दहीहंडीस दर्जा आधी मिळाला आणि नियमांचा शोध नंतर सुरू झाला.

स्पर्धेकडे वाटचाल

२०२३ मध्ये मुंबईत वरळी येथील बंदिस्त क्रीडागारात प्रो गोविंदा ही स्पर्धा सुरू झाली. हंडीऐवजी घड्याळ, रस्त्याऐवजी गाद्या आणि सणाच्या गर्दीऐवजी तिकीट काढून आलेला प्रेक्षक, हे तिचे वेगळेपण होय. याच वर्षी राज्य शासनाने ५० हजार गोविंदांचा प्रत्येकी ७५ रुपये हप्त्याचा विमा उतरविला. २०२५ मध्ये विमाधारकांची संख्या दीड लाखापर्यंत नेण्यात आली.

सुरक्षा

बारा मीटर उंचीवरून थेट खाली आलेल्या शरीराचा जमिनीजवळचा वेग ताशी सुमारे ५५ किलोमीटर होतो. प्रत्यक्षात खालच्या माणसांमुळे तो बराच कमी होतो, परंतु तो आघात त्या माणसांच्या माना व पाठीचे मणके झेलतात. एक्क्यासाठी शिरस्त्राण व वरून सोडलेला सुरक्षा दोर मोठ्या आयोजनांत आता दिसतात. गल्लीतील सरावात ते क्वचितच असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये दहिसर येथे सरावाच्या वेळी पडून एका अकरा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. उत्सवाच्या दिवशी पोलीस, वैद्यकीय पथके आणि कॅमेरे हजर असतात. वयाच्या अटीचा भंग मात्र प्रामुख्याने त्याआधीच्या सरावाच्या रात्रींत होतो आणि तेथे ती अट तपासणारी कोणतीही यंत्रणा नाही.