वाव आणि कोस

बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्याखाली तापी वाहते, आणि तिच्या पाण्यामागे चालत राहिलं की सुरतेला समुद्र लागतो. मधलं अंतर सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर. जुन्या फ्रेंच सागरी नकाशांची कुळकथा अशा कोरड्या गावातून सांगायची म्हणजे गंमतच. पण त्या नकाशांवरून येणारी जहाजं जो माल शोधत, त्यातला काही इथल्या मागांवर विणला जाई. 1641 मध्ये इथून गेलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवलंय, की इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, कैरो, पार पोलंडपर्यंत जातं. गावाचं नाव त्याने ‘ब्रांपूर’ असं लिहिलं. जिभेला जमेल तसं.

समुद्री नकाशाचं मूळ हाताच्या मापात आहे. शिशाचा गोळा दोरीला बांधून पाण्यात सोडायचा आणि दोर किती गेला ते हात पसरून मोजायचं. गोळ्याच्या बुडाला चरबी लावलेली असे. तळाशी वाळू आहे की चिखल, ते तिला चिकटून वर येई. फ्रेंच या मापाला ‘ब्रास’ म्हणत: दोन्ही हात पसरले की होणारी लांबी. आपल्याकडे तिलाच ‘वाव’ म्हणतात. नकाशांवर किनाऱ्यालगत जे बारीक आकडे विखुरलेले दिसतात, त्यातला एकेक आकडा असा कुणीतरी ओल्या दोरावर मोजलेला आहे.

1693 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याचा नकाशासंग्रह निघाला, ‘नेपच्यून फ्रांस्वा’. रोमनांच्या समुद्रदेवाचं नाव तेव्हापासून अशा पुस्तकांना चिकटलं. 1720 मध्ये आरमाराने पॅरिसला नकाशांचं दफ्तर उघडलं. हिंदी महासागराचं काम मात्र फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरच्या माणसाने केलं. द’आप्रे द मानव्हियेत हा ल हाव्रचा. खलाशांच्या रोजनिशा जमवून, एकीशी दुसरी ताडून, त्याने 1745 मध्ये ‘नेपच्यून ओरिएंताल’ छापलं, आणि पुढची तीस वर्षं त्यातल्या चुका काढत बसला. सुधारून वाढवलेली आवृत्ती 1775 ची. मला हा माणूस पहिल्या आवृत्तीपेक्षा या तीस वर्षांमुळे आवडतो.

जमिनीवर वाव चालत नाही, तिथे कोस. सुरतेचा अक्षांश 21 अंश 10 कला, बुऱ्हाणपूरचा 21 अंश 18 कला. म्हणजे दुपारचा सूर्य मोजून दोन्ही गावं जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर बसतात. अडचण रेखांशाची. पूर्वेकडे किती आलो, हे सूर्य सांगत नाही. त्यासाठी दोन ठिकाणच्या वेळा नेमक्या कळाव्या लागतात, नाहीतर मुक्काम मोजत चालावं लागतं. टॉमस रो हा इंग्रज वकील नोव्हेंबर 1615 मध्ये सुरतेहून असाच मुक्काम मोजत इथे आला आणि शहजादा परवेझला भेटला. (त्याच सुमारास गावाखाली कुंडी भंडाऱ्याचे भुयारी पाट खोदले जात होते, आणि तिथे उतार चुकला तर पाणीच येणार नव्हतं.) रोने पुढे जहांगीरला मर्केटरचा नकाशासंग्रह दिला, तो बादशहाने सौजन्याने परत केला. रोची माहिती मात्र वाया गेली नाही. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात फिरून आलेला विल्यम बॅफिन याने तिच्यावरून 1619 मध्ये मोगल मुलखाचा नकाशा काढला.

फ्रेंचांकडे हे काम द’आनव्हिल हा नकाशाकार करी, आणि तेही हिंदुस्थानात पाऊल न टाकता. पॅरिसमध्ये बसून तो प्रवाशांचे कोस जुळवी. प्रांताप्रांतात कोस लहानमोठा, त्यातून चालणाऱ्याचे पाय थकले की तो आणखी लांबतो! 1752 चा त्याचा हिंदुस्थानचा नकाशा कंपनीसाठी केलेला. माहिती नाही तिथे त्याने कागद कोरा ठेवला. आधीचे लोक तिथे हत्ती काढत.

वाटेचं प्रत्यक्ष माप पुढे लढाईच्या निमित्ताने आलं. 1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आलं. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात काल्पीहून निघालेली इंग्रज फौज गॉडार्डच्या हाताखाली 1779 च्या आरंभी या गावावरून सुरतेला उतरली. मराठ्यांशी लढायला निघालेल्या त्या फौजेने वाटेचं माप घेतलं, आणि इंग्रज नकाशाकार रेनेलच्या 1782 च्या हिंदुस्थानच्या नकाशाला ते उपयोगी पडलं.